गुहेतला छद्मविंचू: नमुना उचलण्यापासून नाव देण्यापर्यंत

छद्मविंचवाला, म्हणजे विंचवासारख्या दिसणाऱ्या या इवल्या अष्टपादाला, नांगी नसते, मुळात शेपूटच नसते. पुढचे दोन चिमटे मात्र थेट विंचवाचेच वाटावेत असे. बहुतेक जाती पाच मिलिमीटरच्या आत मावतात. सगळ्यांत मोठी ज्ञात जाती, असेन्शन बेटावरची गॅरिपस टायटॅनियस, तीही साधारण १२ मिलिमीटरवर थांबते. जगभरातल्या ४,००० हून अधिक जातींना आजवर नावं मिळाली आहेत आणि गुहांमधून त्यांत सतत भर पडते आहे. गुहेत स्थिरावलेला हा प्राणी सहसा बाहेर पडत नाही, शेजारच्या गुहेतल्या भाऊबंदांशी त्याचा संबंध तुटतो, आणि पुरेसा काळ गेला की दोन डोंगरांत दोन वेगळ्या जाती तयार झालेल्या असतात.

म्हणूनच अंधाऱ्या भागात एखादा फिकट, बिनडोळ्यांचा, लांबसडक हातांचा छद्मविंचू दिसला की ‘नवी जाती!’ असं तोंडून निघून जातं. हा अंदाज पुष्कळदा खराही ठरतो, पण त्यासाठी पुढे केलेलं कारण चुकीचं असतं. डोळे जाणं, रंग जाणं, अवयव लांबणं हे बदल अंधारात राहणाऱ्या कितीतरी असंबंधित वंशांत स्वतंत्रपणे झाले आहेत. त्यांवरून प्राणी राहतो कुठे ते कळतं, तो कोणत्या घराण्यातला ते कळत नाही. घराणं ठरवायचं तर अंधाराने ज्यांना हात लावलेला नाही अशी लक्षणं आधी बघावी लागतात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

गुहेत शिरण्याआधी

जागेची परवानगी, प्राणी गोळा करण्याची परवानगी आणि नमुने देशाबाहेर पाठवायचे असतील तर त्याची परवानगी, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही लेखी हव्यात. परवान्याशिवाय उचललेल्या नमुन्यावर लिहिलेला लेख चांगली नियतकालिकं घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

एकट्याने जायचं नाही. माणशी तीन स्वतंत्र दिवे, हेल्मेट, आणि बाहेर कुणाला तरी परतण्याची वेळ सांगून ठेवलेली. वटवाघळांच्या विष्ठेचे, म्हणजे ग्वानोचे, ढीग असतील तर चांगला मास्क घाला. त्यात वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू श्वासातून गेले तर हिस्टोप्लास्मोसिस होतो. याच कारणासाठी तोंडाने ओढायची काचनळी, म्हणजे ॲस्पिरेटर, अशा गुहेत वापरू नका. वटवाघळांचा विणीचा आणि शीतनिद्रेचा काळ टाळा. एका गुहेतून दुसरीत जाताना बूट, दोर, कपडे निर्जंतुक करा. वटवाघळांच्या व्हाइट-नोज रोगाची बुरशी माणसांच्या सामानावरून पसरू शकते.

शोधायचं कुठे

हवा जवळजवळ संपृक्त दमट आणि स्थिर असेल तिथे. दगडाखाली, पुराने आत आणलेल्या कुजक्या लाकडावर, छतातून उतरलेल्या मुळांच्या जाळीत, ग्वानोच्या ढिगाच्या मधोमध कमी आणि कडेला जास्त. ओलसर भिंतीही सोडू नका, कारण लांब पायांच्या जाती उघड्यावर फिरताना सापडतात. गुहा चुनखडकातलीच हवी असंही नाही. पॅरोबिसियम योसेमिटी ही २०१० साली वर्णिलेली जाती कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या ग्रॅनाइटी दरडींच्या पोकळ्यांतली आहे, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तर खनिज शोधण्यासाठी पाडलेल्या बोअरच्या भोकांतून छद्मविंचू वर आले आहेत.

दिवा जमिनीला तिरका धरून सावकाश बघायचं. फिकट ठिपका चिमटे पुढे पसरून संथ चालत असेल आणि ब्रशचा स्पर्श होताच झटकन मागे सरकत असेल, तर तो आपलाच. बारीक ब्रशचं टोक अल्कोहोलमध्ये बुडवून त्यावर त्याला उचला आणि थेट कुपीत सोडा. चिमट्याने धरू नका. तुमच्या चिमट्यात त्याचा चिमटा तुटतो, आणि वर्णनातला निम्मा मजकूर त्याच अवयवावर असतो.

जमिनीत पुरलेल्या पेल्यांचे सापळे गुहेत लावणं मला पटत नाही. औषध भरलेला सापळा दिवसरात्र मारत राहतो आणि गुहेतली संख्या मुळातच कमी असते. विसरलेला एक पेला अख्ख्या दालनाचं नुकसान करू शकतो. पालापाचोळा, ग्वानो किंवा माती मूठभर आणून बर्लीज गाळणीत, म्हणजे दिव्याच्या उष्णतेने प्राणी खाली उतरवणाऱ्या फनेलात, ठेवली तर काम भागतं. रेशमाच्या बारीक कोशात बसलेला प्राणी दिसला तर तो कात टाकत असेल किंवा अंडी सांभाळत असेल. त्याला तसाच राहू द्या.

किती उचलायचे? दोन्ही लिंगांचे मिळून चार-सहा प्रौढ असले तर वर्णन भक्कम होतं. एकच दिसला तर एकच घ्या.

जपणूक आणि लेबल

रचना बघायची तर ७० ते ७५ टक्के इथेनॉल, डीएनए काढायचा तर ९५ टक्क्यांहून जास्त, आणि कुपी थंड जागी. तीव्र इथेनॉलमध्ये सांधे ठिसूळ होतात, म्हणून नमुने जास्त असतील तर दोन्हींत वाटून ठेवा.

लेबल कुपीच्या आत जातं. जाड कापसी कागद आणि पेन्सिल किंवा चायनीज शाई वापरा. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. त्यावर देश, प्रदेश, गुहेचं नाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव हवं. याशिवाय दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात: प्रवेश, संधिप्रकाश की पूर्ण अंधार यांपैकी कोणता पट्टा, आणि प्राणी नेमका कशावर होता. पुढे हा प्राणी कायमचा गुहावासी आहे की पाहुणा हे ठरवताना या दोन नोंदींचाच आधार असतो.

त्या ठरवण्याबद्दल इथेच सांगतो. गुहेतल्या प्राण्यांची पर्यावरणीय वर्गवारी शिनर यांनी १८५४ मध्ये मांडली, राकोविट्झांनी १९०७ मध्ये ती रुळवली आणि बोरिस स्केट यांनी २००८ मध्ये तिची फेरमांडणी केली. भूगर्भाशी पूर्ण बांधलेला तो ट्रोग्लोबायंट. आत वस्ती करून राहणारा, पण मूळचा पृष्ठभागावरचा तो युट्रोग्लोफाइल. काही गरजेपुरता नियमित आत येणारा सबट्रोग्लोफाइल, आणि चुकून आलेला ट्रोग्लोक्झीन. एका नमुन्यावरून ‘ट्रोग्लोबायंट’ म्हणणं हे अनुमान आहे आणि लेखात ते अनुमान म्हणूनच लिहावं. गुहेबाहेरचा पालापाचोळाही चाळून बघितला असेल तरच त्या शब्दाला वजन येतं.

प्रौढ आहे का, हे आधी

सूक्ष्मदर्शकाखाली पहिला प्रश्न वयाचा. छद्मविंचू अंड्यातून निघाल्यावर तीन अवस्थांतून जातो: प्रोटोनिम्फ, ड्यूटोनिम्फ, ट्रायटोनिम्फ, आणि मग प्रौढ. पिल्लं प्रौढांची छोटी प्रतिकृती दिसतात, पण त्यांचे अवयव तुलनेने आखूड आणि जाड असतात. ट्रायटोनिम्फची मापं प्रौढ म्हणून छापली गेली तर पुढच्या प्रत्येक तुलनेत गोंधळ होतो.

हा प्रश्न चिमट्यावरचे ट्रायकोबोथ्रिया सोडवतात. हे लांब, अतिशय बारीक संवेदी केस. हवेची हालचाल टिपणारे. सामान्य नमुन्यात प्रौढाच्या स्थिर बोटावर आठ आणि हलत्या बोटावर चार, म्हणजे एकूण १२ असतात. ट्रायटोनिम्फमध्ये सात आणि तीन, ड्यूटोनिम्फमध्ये सहा आणि दोन, प्रोटोनिम्फमध्ये तीन आणि एक. केस गळून पडला तरी त्याची बशीसारखी खोलगट खाच राहते, म्हणून केस नव्हे, खाचा मोजा. एक सावधगिरी: काही कुलं या नियमाबाहेरची आहेत (जवळच्या जाती मिळून प्रजाती, प्रजाती मिळून कुल, कुलं मिळून अतिकुल). आयडिओरॉन्सिडी कुलात प्रौढाला १२ पेक्षा कितीतरी जास्त असतात, कायरिडिइडीमध्ये कमी. शंका आली तर पोटाखालचा जननभाग बघा. तो पूर्ण विकसित असेल तर प्रौढ.

लिंगही तिथेच कळतं. क्थोनिइडी कुलातल्या नराच्या जननछिद्राला खाच असते आणि तिच्या दोन्ही काठांनी दृढरोमांची, म्हणजे ताठ केसांची, रांग दिसते. मादीत मांडणी साधी आणि विरळ.

नमुना पारदर्शक करणं

ही पायरी घाईत उरकता येत नाही. आधी अख्ख्या प्राण्याचे फोटो आणि शरीराची मापं घ्या, कारण नंतर ती संधी नाही. मग टोकदार सुयांनी एका बाजूचा पेडिपाल्प, म्हणजे चिमटा असलेला हात, एक केलिसेरा, म्हणजे तोंडाजवळचा छोटा जबडा, पहिला पाय आणि चौथा पाय वेगळा करा. दुसरी बाजू शाबूत ठेवा. होलोटाइपच्या, म्हणजे जातीचं नाव ज्या एका नमुन्यावर टेकतं त्याच्या, दोन्ही बाजू कापणं मला तरी क्षम्य वाटत नाही.

हे भाग आणि उरलेलं शरीर ७५ टक्के लॅक्टिक ॲसिडमध्ये साध्या तापमानाला ठेवा. गुहेतल्या नाजूक कवचाला एक दिवस पुरतो, गडद कवचाला काही दिवस लागतात. रोज एकदा बघत राहा. काचपट्टीवर घेताना वरची पातळ काच थेट अवयवावर टेकली तर चिमटा दबतो आणि मापं बिघडतात. म्हणून काचेखाली नायलॉनच्या मासेमारीच्या दोऱ्याचे बारीक तुकडे आधाराला ठेवतात, ०.२५, ०.३५ किंवा ०.५० मिलिमीटर जाडीचे, अवयवाच्या जाडीनुसार. युक्ती साधी आहे, पण तिच्यामुळे अवयव हवा तसा वळवताही येतो. ही पट्टी तात्पुरती असते. काम झालं की सगळे तुकडे इथेनॉलमध्ये, एका इवल्याशा कुपीत, आणि ती कुपी मोठ्या कुपीत. कॅनडा बाल्सम या डिंकासारख्या राळेत बसवलेल्या कायमच्या पट्ट्या जुन्या संग्रहांत भरपूर आहेत, पण त्यात अडकलेला चिमटा पुन्हा फिरवून बघता येत नाही.

कुल ठरवणं

आता अंधाराने न बदललेल्या लक्षणांकडे. मी या क्रमाने जातो: पायांचे टार्सस, बोटातली विषनळी, कॉक्सांवरचे काटे, मग ट्रायकोबोथ्रियांच्या जागा.

टार्सस म्हणजे पायाचा शेवटचा भाग. पहिल्या दोन जोड्यांत तो एकसंध आणि मागच्या दोन जोड्यांत दोन तुकड्यांचा असेल तर प्राणी क्थोनिऑइडिया अतिकुलातला. चारही जोड्यांत दोन तुकडे असतील तर निओबिसिऑइडिया किंवा गॅरिपॉइडिया गटांकडे वळा. सगळ्यांत एकच असेल तर केलिफेरॉइडिया किंवा कायरिडिऑइडिया. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धं काम होतं, आणि गुहेत कितीही पिढ्या गेल्या तरी हे लक्षण हलत नाही.

मग विष. पारदर्शक केलेल्या बोटाच्या टोकातून मागे जाणारी बारीक नळी दिसते का ते बघा. क्थोनिऑइडियात विषयंत्रणाच नसते. निओबिसिइडी कुलात विष फक्त स्थिर बोटात, केर्नेटिडीत फक्त हलत्या बोटात, केलिफेरिडीत दोन्हींत. गुहेतल्या केर्नेटिडी बहुधा ग्वानोवर सापडतात आणि त्यांतल्या पुष्कळांना गुहेची सक्ती नसते. दिसायलाही त्या ठेंगण्या, तपकिरी आणि जाड हातांच्या असतात.

जगभरातल्या गुहांमधून हाती येणारे छद्मविंचू मुख्यतः क्थोनिइडी आणि निओबिसिइडी या दोन कुलांतले. प्रदेशानुसार स्यूडोटायरॅनोक्थोनिइडी, सायरिनिडी, बोकिसिडी, हायिडी, आयडिओरॉन्सिडी ही कुलं भेटतात. भूगोल इथे उपयोगी पडतो, पण पुरावा म्हणून नव्हे, इशारा म्हणून. बोकिसिडी अमेरिका खंडांत पसरलेली आहेत आणि युरोपात फक्त आयबेरियन द्वीपकल्पात. पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला अल्गार्व्हच्या गुहांतली भली मोठी टायटॅनोबोकिका मॅग्ना त्यांपैकीच. हायिडीतली इंडोहाया ही प्रजाती भारत, मादागास्कर आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या तुकड्यांत आढळते. एकेकाळी जोडलेल्या भूभागांचा हा माग आहे.

प्रजाती, आणि अंधाराचा सापळा

क्थोनिइडीत प्रजाती ठरवताना पहिली नजर कॉक्सांवर, म्हणजे पायांच्या बुडाच्या खंडांवर, जाते. तिथे बारीक, कधी पिसासारखे काटे असतात. टायरॅनोक्थोनियसमध्ये ते फक्त दुसऱ्या जोडीच्या कॉक्सावर, क्थोनियसमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्यावर. स्यूडोटायरॅनोक्थोनियस दिसायला जवळचा, पण त्याचे काटे पहिल्या जोडीवर आणि कुलही वेगळं. टायरॅनोक्थोनियस आणि लॅजिनोक्थोनियस या दोघांचे काटे एकाच जागी असतात. तिथे चिमट्याचा हात, म्हणजे बोटांमागचा फुगीर भाग, बघायचा. लॅजिनोक्थोनियसमध्ये हात बोटांच्या बुडाशी एकदम अरुंद होतो आणि स्थिर बोटाच्या टोकाजवळ बाजूला एक वेगळा, बदललेला दात असतो.

आता सापळा. निओबिसियम ही युरोपातली पुष्कळ जातींची प्रजाती. तिचे उपगट परंपरेने डोळ्यांवर पाडले गेले: चार डोळ्यांचे एका गटात, दोन उरलेले ओमॅटोब्लोथ्रसमध्ये, अजिबात नसलेले ब्लोथ्रसमध्ये. तक्त्यात हे छान दिसतं. पण डोळे प्रत्येक गुहेत स्वतंत्रपणे जाऊ शकतात, त्यामुळे ब्लोथ्रस हा नात्याने बांधलेला गट आहे की अंधाराने एकसारख्या दिसायला लावलेल्या परक्यांचा जमाव, हा प्रश्न उरतोच. बऱ्याच अभ्यासकांना हे उपगट कृत्रिम वाटतात, मलाही. तुमच्या जातीला अशा उपगटात बसवायचं असेल तर बसवा, पण त्यावरून नात्याचा दावा करू नका.

उलट बाजूने होणारी चूकही तितकीच नेहमीची. मातीत खोल राहणाऱ्या कितीतरी जाती आंधळ्या आणि फिकट असतात, आणि पावसाच्या पाण्याबरोबर गुहेत वाहून येतात. त्यांना डोळे नाहीत म्हणून त्या गुहेच्या होत नाहीत. फरक हातापायांत दिसतो. मातीतल्या जाती लहान आणि आखूड अवयवांच्या, मोकळ्या पोकळीत फिरणाऱ्या लांब आणि सडपातळ. ही सडपातळी मोजावी लागते, डोळ्यांनी ठरत नाही.

मोजमाप

पद्धत जोसेफ चेंबरलिन यांनी १९३१ मध्ये घातली. पुढे तीत सुधारणा झाल्या, पण पाया तोच. कवचाची, म्हणजे शरीराच्या पुढच्या भागावरच्या ढालीची, लांबी-रुंदी, पेडिपाल्पचे बुडापासूनचे खंड म्हणजे ट्रोकँटर, फीमर, पॅटेला, चिमटा, चिमट्याचा हात आणि हलतं बोट, मग पहिल्या आणि चौथ्या पायाचे खंड. प्रत्येक खंडाची लांबी भागिले रुंदी हे गुणोत्तर द्यायचं. फीमर १.२० मिलिमीटर लांब आणि ०.२० रुंद असेल तर तो रुंदीच्या ६.० पट लांब, असं.

गोंधळ दोन ठिकाणी होतो. चिमट्याच्या बुडाशी एक छोटा दांडा असतो. चिमटा दांड्यासकट मोजला की त्याच्याशिवाय, हे लिहिलं नाही तर तुमचं गुणोत्तर दुसऱ्या कुणाच्याही गुणोत्तराशी ताडता येत नाही. दोन्ही द्या. दुसरं म्हणजे बाजू. हात वरून बघितला तर रुंदी मिळते, कडेने बघितला तर जाडी, आणि क्थोनिइडीत या दोन्हींत चांगलाच फरक पडतो. कोणत्या बाजूने मापलं ते प्रत्येक वेळी नमूद करा. होलोटाइपचं माप वेगळं आणि बाकीच्यांचा पल्ला कंसात देण्याची रीत सोयीची आहे. नर-मादी एकत्र मिसळू नका.

रोम, दात आणि चिमट्याचा नकाशा

कवचावरचे दृढरोम आडव्या ओळींत मोजून सूत्र लिहितात. समजा ४–६–४–२–२, एकूण १८. पहिला आकडा पुढच्या काठाचा, शेवटचा मागच्या काठाचा. मग पोटाच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांवरचे रोम. कंटाळवाणं काम आहे, पण जवळच्या दोन जातींतला फरक कधी कधी मागच्या काठावरच्या दोन रोमांतच असतो. डावी-उजवी बाजू सारखी नसली तर दोन्ही आकडे लिहा आणि शक्य तितक्या नमुन्यांत तपासा.

केलिसेरावर रोमांची संख्या, बुडाजवळच्या रॅलम नावाच्या रोमगुच्छातली पाती, आणि रेशीम सोडणारा फाटा, गॅलिया. छद्मविंचू रेशीम तोंडाजवळून काढतो. बोटांवरचे दात मोजताना संख्येइतकंच त्यांच्यातलं अंतर, टोकांचा कल आणि ते बुडापर्यंत पोचतात का, हे लिहा.

सगळ्यांत मोलाची आकृती म्हणजे चिमट्याची कडेची बाजू, त्यावर बाराही ट्रायकोबोथ्रिया. त्यांना चेंबरलिन यांची अक्षरनावं आहेत: स्थिर बोटाच्या बाहेरच्या अंगाला ईबी, ईएसबी, ईएसटी, ईटी, आतल्या अंगाला आयबी, आयएसबी, आयएसटी, आयटी, हलत्या बोटावर बी, एसबी, एसटी, टी. बुडापासून टोकाकडे असा क्रम. क्थोनिइडीत आयबी आणि आयएसबी ही जोडी बोटावर नसून हाताच्या पाठीवर बसलेली दिसते, पण जवळच्या काही कुलांतही तसंच असतं, म्हणून तेवढ्यावरून कुल ठरवू नका. इतर कुलांत कोण कुणाच्या शेजारी आहे, कोण टोकाकडे सरकलं आहे, यावर प्रजाती ओळखतात. एखादा ट्रायकोबोथ्रियम कोणत्या नावाचा हे पटत नसेल तर पिल्लांच्या अवस्था बघा. कोणता केस कोणत्या अवस्थेत उगवतो यावरून ओळख पटते.

आकृती ड्रॉइंग ट्यूब, म्हणजे सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर दाखवणारी जोडणी, लावून हाताने काढलेली असावी असं माझं मत. थरांचे फोटो जोडून केलेली प्रतिमा सुंदर दिसते, पण खाच कुठे आणि धुळीचा कण कुठे हे फोटो सांगत नाही. दोन्ही द्या, आणि दोन्हींवर मापपट्टी.

तुलना आणि डीएनए

वेगळेपण कशापासून, हे माहीत नसेल तर वर्णनाला अर्थ नाही. सुरुवात वर्ल्ड स्यूडोस्कॉर्पिओनीज कॅटलॉगपासून करा. मार्क हार्वे यांनी १९९१ मध्ये छापलेल्या सूचीची ही ऑनलाइन वाढती आवृत्ती. बर्नच्या निसर्गइतिहास संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ती मोफत आहे. तुमच्या प्रजातीतल्या त्या प्रदेशातल्या सगळ्या जातींची मूळ वर्णनं काढून वाचा. माक्स बायर यांचे छद्मविंचवांवरचे १९३२ चे दोन ग्रंथ अजूनही लागतात. जुनी वर्णनं कधी चार ओळींची, कधी एकाच मादीवरची असतात. अशा वेळी संग्रहालयाकडून मूळ नमुना किंवा त्याचे फोटो मागवण्याला पर्याय नाही. प्रजातीही स्थिर नसते: टेक्सासमधल्या टूथ केव्हमधली, अमेरिकेत १९८८ पासून धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत असलेली जाती आधी मायक्रोक्रिॲग्रिस होती, आता टार्टारोक्रिॲग्रिस टेक्साना आहे. जुन्या नावाखाली शोधलं नाही तर अर्धं साहित्य हुकतं.

डीएनएसाठी एक पाय पुरतो. सीओआय या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा ही सर्वांत मोठ्या तुलनासाठ्याची चावी आहे. पण टक्केवारीची एक रेषा आखून ‘इतक्या फरकाच्या वर नवी जाती’ म्हणणं गुहांमध्ये धोक्याचं ठरतं. छोट्या, अलग पडलेल्या वस्त्यांत हा तुकडा एकाच जातीतही खूप बदललेला असू शकतो. शेजारच्या दोन गुहांतले प्राणी जनुकात दूर आणि रचनेत एक असतील तर केंद्रकातलं एखादं जनुकही वाचा, दरम्यानच्या गुहा शोधा, आणि तेही शक्य नसेल तर दोन्ही वस्त्या एकाच नावाखाली ठेवून फरक स्पष्ट लिहा. नाव नंतरही देता येतं. दिलेलं नाव मागे घेणं फार किचकट असतं.

लिहिणं आणि नाव

निदान आणि वर्णन वेगळं ठेवा. निदान म्हणजे दोन-चार वाक्यं: जवळच्या कोणकोणत्या जाती, आणि प्रत्येकीपासून नेमका कोणत्या मोजता येणाऱ्या लक्षणाने वेगळी. ‘डोळे नाहीत, रंग फिकट, अवयव लांब’ असं निदान जगातल्या निम्म्या गुहावासी छद्मविंचवांना लागू पडेल. त्याऐवजी ‘फीमर रुंदीच्या ६ पटींहून जास्त लांब, अमुक जातीत ५ पटींहून कमी, स्थिर बोटावर दात अमुक इतके’ असं लिहा. वर्णन मग तारेच्या भाषेत, ठरलेल्या क्रमाने: रंग, केलिसेरा, पेडिपाल्प, कवच, कॉक्सा, पाय, पोट, जननभाग, मापं. शेवटी पिल्लांच्या अवस्था मिळाल्या असतील तर त्या.

आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेच्या चौथ्या आवृत्तीनुसार, जी १ जानेवारी २००० पासून लागू आहे, नाव टिकण्यासाठी काही अटी पाळाव्याच लागतात. नाव नवं असल्याचं स्पष्ट म्हणायला हवं. वेगळेपण सांगणारं वर्णन शब्दांत हवं, नुसती आकृती चालत नाही. एक होलोटाइप नेमून तो कोणत्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार ते सांगायला हवं. लेख फक्त ऑनलाइन छापला जाणार असेल तर तो आधी झूबँक या प्राणिनावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदवून त्याचा पुरावा लेखातच द्यावा लागतो. २०१२ पासून ही सोय आणि ही अट दोन्ही आहेत. होलोटाइप कोणत्याही लिंगाचा चालतो; सर्वांत शाबूत प्रौढ निवडा. त्याच्याबरोबरचे बाकी तपासलेले नमुने पॅराटाइप.

नावातल्या विशेषणाचं लिंग प्रजातीच्या लिंगाशी जुळवावं लागतं. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ शिओद यांनी १८४७ मध्ये आजच्या स्लोव्हेनियातल्या गुहेतून ब्लोथ्रस स्पेलीयस वर्णिला. पुढे ती जाती निओबिसियममध्ये गेली, प्रजातीचं नाव पुल्लिंगाचं नपुंसक झालं आणि जाती स्पेलीयम झाली. प्रजाती बदलल्याची खूण म्हणून शिओद यांचं नाव आणि वर्ष कंसात गेलं. गुहेच्या नावावरून नाव ठेवताना एक विचार करा. प्राणी दुर्मीळ असेल आणि गुहा सहज गाठता येत असेल, तर छापलेलं नाव आणि अक्षांश-रेखांश हौशी गोळा करणाऱ्यांना वाट दाखवतात. अशा वेळी अचूक जागा संग्रहालयाच्या नोंदीत ठेवून लेखात ढोबळ जागा देतात.

जमा करणं

होलोटाइप सार्वजनिक संग्रहालयात, नोंदणी क्रमांकासह. क्रमांक लेख छापण्याआधी मिळवा आणि लेखात घाला. पॅराटाइप जास्त असतील तर एक-दोन दुसऱ्या देशातल्या संग्रहात द्या. आग, पूर, युद्ध यांत संग्रह नष्ट झाल्याची उदाहरणं आहेत. कुपीत मूळ लेबल तसंच राहू द्या, नवं त्याच्या शेजारी टाका. होलोटाइपचं लेबल बहुतेक ठिकाणी लाल असतं. वेगळे केलेले भाग असलेली छोटी कुपी त्याच मोठ्या कुपीत आहे ना, हे बंद करण्याआधी पुन्हा बघा. जनुकाचा क्रम सार्वजनिक साठ्यात जमा करताना होलोटाइपचा हाच क्रमांक लावा, आणि लेख छापून आला की त्याची प्रत कॅटलॉगच्या संपादकांना पाठवून द्या.